निळी राहिलेली स्लाइड

रिपोर्टवर ‘पी-५३ : निगेटिव्ह’ असं टाइप होऊन आलं होतं. खाली फक्त माझी सही व्हायची होती. दुपारचे दोन वाजले होते, टेबलावर अजून अकरा केसेस होत्या, आणि निगेटिव्ह हा शब्द वाचला की पॅथॉलॉजिस्टचाही जीव भांड्यात पडतो. तरी स्लाइड स्वतः बघितल्याशिवाय सही करायची नाही, ही सवय मला माझ्या सरांनी लावलेली. म्हणून ती मायक्रोस्कोपखाली सरकवली.

ती स्लाइड चोपन्न वर्षांच्या एका मावशींच्या जिभेची होती. कराडच्या पुढे, ऊसपट्ट्यातलं गाव. लग्न होऊन सासरी आल्यापासून दिवसातून तीनदा मशेरी. सासू लावायची, तिनंच सुनेलाही लावायला शिकवली. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायची. जिभेच्या डाव्या कडेला दीडेक सेंटिमीटरचा पांढरा चट्टा आला होता, खरखरीत, मधे लालसर ठिपके असलेला. दुखत नव्हता. ठेचा झोंबायला लागला म्हणून मुलानं दवाखान्यात आणलं होतं. आमच्या सर्जननी लालसर भाग आणि त्याला लागून असलेली चांगली कड असा दोन्हीचा तुकडा बायोप्सीला घेतला होता. त्या चांगल्या कडेचं महत्त्व पुढे कळलं.

साध्या गुलाबी-जांभळ्या रंगाच्या स्लाइडवर डिसप्लेसिया होता, त्यात वाद नव्हता. म्हणजे कॅन्सर नाही, पण पेशींची शिस्त बिघडलेली: केंद्रकं मोठी, गडद, तळाच्या थरातली गर्दी वर सरकलेली. प्रश्न होता तो किती. मी मॉडरेट म्हणत होते, माझे सहकारी माइल्ड. दोघंही पंधरा-पंधरा वर्षं हेच काम करतोय. डिसप्लेसियाची प्रत ठरवताना दोन अनुभवी डोळ्यांचं एकमत होत नाही, ही आमच्या विषयातली जुनी आणि जगभरची अडचण आहे. पण सर्जनला तसं सांगून भागत नाही. त्यांचा फोन आला, “मॅडम, माइल्ड असेल तर मशेरी सोडवतो आणि दर तीन महिन्यांनी बघतो. मॉडरेट असेल तर काढतो. काय ते एक सांगा.”

म्हणून मार्कर, म्हणजे पेशीतलं एखादं ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी, लावायचं ठरवलं. पहिला पी-५३.

हे काम आमच्या टेक्निशियन ताई करतात आणि ते बघत उभं राहणं मला अजून आवडतं. मेणाच्या ब्लॉकमधून चार मायक्रॉनचा काप निघतो, केसाच्या जाडीच्या पंधरा-वीस पट पातळ. कोमट पाण्यावर तो सायीसारखा तरंगतो, ताई तो स्लाइडवर अलगद उचलून घेतात. फॉर्मॅलिनमुळे पेशीतली प्रथिनं एकमेकांत जखडलेली असतात, ती मोकळी व्हावीत म्हणून स्लाइड सायट्रेटच्या द्रावणात उकळतात. आमच्याकडे त्यासाठी स्वयंपाकघरात असतो तसाच प्रेशर कुकर आहे. मग त्या-त्या प्रथिनाला नेमकी चिकटणारी अँटिबॉडी, आणि शेवटी डॅब नावाच्या रंगद्रव्याचे थेंब. प्रथिन असेल तिथे काही मिनिटांत तपकिरी रंग चढतो, नसेल तिथलं केंद्रक नुसतं निळं राहतं.

पी-५३ हे प्रथिन १९७९ साली सापडलं. पेशीच्या डीएनएला इजा झाली की विभाजन थांबवणं, दुरुस्तीला वेळ देणं, दुरुस्ती होणारच नसेल तर पेशीला मरायला लावणं हे त्याचं काम. निरोगी पेशीत ते तयार होतं आणि जेमतेम वीसेक मिनिटांत मोडून टाकलं जातं, म्हणून स्लाइडवर तळाच्या थरात कुठे फिकं, कुठे अजिबात नाही, असं विखुरलेलं दिसतं. जनुकातलं एखादं अक्षर बदललं की बिघडलेलं प्रथिन मोडत नाही, साठत जातं, आणि थरच्या थर काळपट तपकिरी होतात. विद्यार्थ्यांना हेच शिकवलं जातं: गडद तपकिरी दिसलं की सावध व्हा.

इथे गडद तर नव्हतंच, तपकिरीच नव्हतं. चट्ट्याचा सगळा भाग स्वच्छ निळा. रिपोर्ट तयार करणाऱ्या आमच्या पीजीच्या विद्यार्थिनीनं निगेटिव्ह लिहिलं ते तिनं जे पाहिलं त्याला धरूनच होतं.

मी स्लाइड सरकवत कडेला आले, त्या चांगल्या भागाकडे. तिथे तळाच्या केंद्रकांत फिकट तपकिरी ठिपके होते, एखादं गडद, दोन निळी, पुन्हा एखादं फिकं. जसं असायला हवं तसंच. परत चट्ट्याकडे सरकवली. ठिपके संपले. हळूहळू कमी होत गेले नाहीत, एका जागी थांबले. पाटाच्या एका अंगाला भिजलेली माती आणि दुसऱ्या अंगाला कोरडी असावी, तशी ती रेघ होती. माझा हात थांबला.

रंग नीट चढला नसेल, ही पहिली शंका. पण निळ्या अस्तराच्या, म्हणजे एपिथेलियमच्या, बरोबर खालीच जोडऊतीतल्या पेशी (फायब्रोब्लास्ट) आणि लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी होत्या, आणि त्यांच्यात मधूनमधून तोच फिकट तपकिरी रंग होता. म्हणजे अँटिबॉडी पोचली होती, कुकरनं काम केलं होतं, डॅब चांगला होता. खालच्या पेशींत पी-५३ होतं, शेजारच्या चांगल्या अस्तरात होतं, आणि मधल्या एवढ्याच पट्ट्यात एकाही केंद्रकात नव्हतं.

जनुक असंही बिघडू शकतं की प्रथिनाची कृती अर्ध्यावरच तुटते आणि ते तयारच होत नाही. मग साठायला काही उरत नाही. याला नल पॅटर्न म्हणतात. म्हणजे ही स्लाइड निर्दोष नव्हती. त्या चट्ट्यात पहारेकरीच नव्हता.

मी त्या विद्यार्थिनीला हाक मारली. तिला काही न सांगता दोन डोक्यांच्या मायक्रोस्कोपवर बसवलं आणि विचारलं, “फायब्रोब्लास्ट बघितलेस का?” ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “मॅडम, मी फक्त एपिथेलियमच बघितलं.”

घाईनं उलट निष्कर्षही काढायचा नव्हता. एचपीव्ही विषाणूचं एक प्रथिन पी-५३ला नष्ट करतं, तेव्हाही तपकिरी रंग जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून पी-१६ हा मार्कर लावला, तो या विषाणूमुळे झालेल्या बिघाडात गडद येतो. इथे तो निगेटिव्ह आला. की-६७ लावलं. हा मार्कर विभाजनाच्या चक्रात असलेल्या पेशी दाखवतो. निरोगी तोंडात तो तळाच्या लगेच वरच्या एक-दोन ओळींत दिसतो, इथे तो अस्तराच्या मध्याच्याही वर चढला होता. पोडोप्लॅनिन हा आणखी एक मार्कर मात्र तुटक-तुटक आला, त्यावरून कुठल्याच बाजूनं जोर देता आला नसता. जनुकातली अक्षरं थेट वाचणारं सिक्वेन्सिंग आमच्याकडे होत नाही. रिपोर्टमध्ये मी हे सगळं जसंच्या तसं लिहिलं आणि सर्जनना फोन करून सांगितलं, “प्रत मॉडरेट धरा. पण प्रतीपेक्षा पी-५३ बघा. हा चट्टा ठेवू नका.”

मावशींना समजावायला सर्जननी मलाही खाली बोलावून घेतलं.

“मला कॅन्सर हाय का?” त्यांनी सरळ विचारलं.

“नाही मावशी.”

“मग जीभ कापताय कशाला?”

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. आत्ता कॅन्सर नाही, पुढे होईलच असंही नाही, पण व्हायची शक्यता अशा इतर चट्ट्यांपेक्षा जास्त आहे, हे माणसाला भीती न घालता कसं सांगायचं, हे कुठल्या पुस्तकात शिकवलेलं नाही. मी म्हणाले की चट्ट्याच्या आतला एक राखणदार नाहीसा झालाय, वरून ते दिसत नाही, आम्हाला रंग लावून दिसलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मुलाकडे वळून म्हणाल्या, “म्हंजी काणीवानी. उसाला काणीचा फोक फुटायच्या आधीच बेट उपटून जाळायचं, न्हाईतर रान जातं.” आणि माझ्याकडे वळून, “कवा करायचं?”

उसावरच्या काणी रोगाचं हे मी तेव्हापासून कितीतरी जणांना सांगितलं आहे.

ऑपरेशन लहानच होतं, जिभेच्या कडेचा चट्टा भोवतालच्या चांगल्या भागासकट काढला. तो माझ्याकडे आला, मी कडांना शाई लावली, पूर्ण तुकडा कापून एकूण एक काप बघितला. कॅन्सर नव्हता. एका ठिकाणी मात्र बायोप्सीत न आलेला सिव्हिअर डिसप्लेसिया होता, आणि तिथेही पी-५३ तसंच कोरं. कडा मोकळ्या होत्या, म्हणजे डिसप्लेसिया काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत पोचला नव्हता.

नवऱ्याला मी हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुमचं भाकीत बरोबर आलं.” तसं नाही. चट्टा ठेवला असता तर काय झालं असतं, हे आता कधीच कळणार नाही, कारण आम्ही तो काढून टाकला. तो काढायलाच हवा होता, याबद्दल मात्र माझ्या मनात तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. भारतातल्या पुरुषांत तोंडाचा कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे, बायकांतही तो कमी नाही, आणि आमच्याकडे येणारे बहुतेक जण गाठ कडक झाल्यावर, तोंड उघडेनासं झाल्यावर येतात. चट्टा असतानाच आलेलं माणूस हातचं जाऊ देणं मला जमत नाही.

सहा महिन्यांनी मावशी तपासणीला आल्या. जीभ छान भरून आली होती, ‘स’ म्हणताना किंचित अडखळत होत्या. मशेरी सुटली का विचारलं तर म्हणाल्या, पहिला महिना लई डोकं दुखलं, मग सुटली. सोबत डोक्यावर पदर घेतलेली एक बाई होती, दाराशीच उभी. मावशींनी तिला दंडाला धरून पुढे आणलं.

“ही माझी जाऊ. आम्ही एकाच तव्यावरची लावायचो,” त्या म्हणाल्या. “हिचंबी बघा.”

सर्जन अजून ओपीडीत यायचे होते. मी टॉर्च काढला आणि जाऊबाईंना खुर्चीत बसायला सांगितलं.