आमची वाटचाल: राउटर त्यांचे, बदनामी आमची

भोसरीत आम्ही दोघांनी धंदा सुरू केला तो ईपीएबीएक्सच्या (कंपनीतल्या अंतर्गत फोन एक्स्चेंजच्या) एएमसीवर, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारावर. क्रोनच्या (फोनच्या तारा जोडायच्या) पट्टीवर भागीदाराने पंचिंग टूलने केलेला जोड सुटल्याची तक्रार कधी आली नाही. मी सर्व्हरकडे वळलो. आधी अ‍ॅस्टरिस्क, म्हणजे सर्व्हरवर चालणारं फोन एक्स्चेंज, मग कॉल जुळवून देणारी कमाइलिओ प्रॉक्सी आणि आवाज मधून पुढे पोचवणारा रिले आरटीपीइंजिन; सगळी फुकट मिळणारी सॉफ्टवेअर. पुढची वर्षं कामात गेली.

बुडायची वेळ आली ती चाकणच्या एका वाहतूकदार शेठजींच्या कामावरून. त्यांच्या डेपोंचे आपसातले फोन आमच्या प्रॉक्सीवर चालायचे. दुसऱ्या एका पुरवठादाराने डेपोंचे राउटर बदलले आणि लगेच तक्रारी सुरू झाल्या. नाशिकचं बोलणं कोल्हापूरला ऐकू जाई, कोल्हापूरचं नाशिकला नाही. तो पुरवठादार शेठजींना म्हणाला, "फुकटचं सॉफ्टवेअर आहे, असंच होणार." हे एमआयडीसीभर पसरलं. काहींनी एएमसी थांबवली. त्या महिन्याचे पगार भागीदाराने घरचं सोनं ठेवून केले. ते आजही सलतं.

शेठजी मात्र म्हणाले, "आधी यांचं तपासून होऊ द्या."

नाशिकला स्विचचा पोर्ट मिरर करून (फोनच्या पाकिटांची नक्कल दुसऱ्या पोर्टवर वळवून) लॅपटॉप लावला, पाकिटं टिपणारा टीसीपीडंप सुरू केला. सर्व्हरवर कॉलचे निरोप दाखवणारा एसएनग्रेप उघडून ठेवला. एकच कॉल दोन्हीकडे शेजारीशेजारी पाहिला. फोनमधून निघताना एसडीपीच्या (आवाज कुठे पाठवायचा ते सांगणाऱ्या मजकुराच्या) सी-ओळीत १९२.१६८ चा खाजगी पत्ता होता, सर्व्हरवर पोचला तो पब्लिक पत्ता आणि वेगळाच पोर्ट. राउटरमधलं एसआयपी एएलजी (कॉलचे निरोप वाचून त्यात फेरफार करणारी सोय) वाटेत पाकिटाच्या आतला पत्ता खोडून स्वतःचा लिहीत होतं. प्रॉक्सी खाजगी पत्ता दिसला की फोन नॅटमागे (खाजगी पत्ते बाहेर पब्लिक पत्त्याने दाखवणाऱ्या राउटरमागे) आहे असं ओळखून आवाज रिलेवर घेते. इथे खाजगी पत्ताच पुसलेला, म्हणून दोन्ही फोन थेट एकमेकांना जोडले गेले. वर नाशिकच्या राउटरने लिहिला एक पोर्ट आणि उघडला दुसराच. तिकडे येणारी आरटीपी, म्हणजे आवाजाची, पाकिटं दारातच पडत होती.

ते कॅप्चर शेठजींच्या टेबलावर ठेवलं. डेपोंतले एएलजी बंद केले, सिग्नलिंग (कॉल जुळवणारे निरोप) टीएलएसवर, म्हणजे कूटबद्ध करून, ५०६१ पोर्टला नेलं म्हणजे राउटरला वाचताच येऊ नये, आणि नॅट दिसो न दिसो, प्रत्येक कॉल रिलेमधून घेतला. रिले एसडीपीतल्या पत्त्यावर विसंबत नाही. पाकिटं खरोखर जिथून येतात तिथेच उत्तर पाठवतो. दोन्हीकडचा आवाज त्याच दिवशी सुरू झाला.

या धंद्यात नवीन असाल तर ऐका. सर्व्हर क्लाउडवर असेल तर त्याच्या नेटवर्क कार्डावर खाजगीच पत्ता असतो. आरटीपीइंजिनच्या इंटरफेस ओळीत आतला पत्ता, उद्गारचिन्ह आणि बाहेरचा पत्ता असं लिहा, नाहीतर फोन १७२.३१ सारख्या आतल्या पत्त्याकडे आवाज पाठवत बसतील. आवाजाचे यूडीपी पोर्ट ३०००० ते ४०००० सर्व्हरच्या फायरवॉलमध्येही उघडा आणि क्लाउडच्या नियमांतही. १००.६४ ने सुरू होणारे पत्ते दिसले तर तेही बहुधा नॅटमागचेच. कॉल बरोबर ३२ सेकंदांनी तुटत असेल तर आवाजाच्या मागे लागू नका. एसीके (कॉल उचलल्याची पोच) पोचत नसतो, निरोपातल्या काँटॅक्ट आणि रेकॉर्ड-राउट या पत्त्यांच्या ओळी तपासा.

त्या पुरवठादाराने शेठजींपुढे कधी चूक कबूल केली नाही. थांबलेल्या एएमसींपैकी काही परत आल्याच नाहीत. शेठजींचे नवे डेपो मात्र आमच्याकडेच येतात. राउटर अजून त्याचेच आहेत, आणि फर्मवेअर अपडेट झाला की एएलजी पुन्हा चालू झालं का, ते आमचा माणूस जाऊन पाहतो.