५० अधिक ५० बरोबर साडेशहाण्णव: इथेनॉल-पाण्याचं आकारमान मोजताना

२५ अंश सेल्सिअसला ५० मिली इथेनॉल आणि ५० मिली पाणी एकत्र केलं की मिश्रण साडेशहाण्णव मिलीच्या आसपास भरतं. मोजपात्रात ही घट दिसते, पण भरवशाचा आकडा हवा तर घनताच मोजायला हवी. मी इथेनॉलचा मोल अंश (एकूण मोलपैकी इथेनॉलच्या मोलचा वाटा) ०.४ धरला, कारण प्रति मोल घट तिथेच सर्वांत जास्त असते.

मिश्रण वजनावर केलं. बुचाच्या फ्लास्कमध्ये आधी १०.८१ ग्रॅम पाणी, मग १८.४३ ग्रॅम अ‍ॅबसोल्यूट अल्कोहोल (जवळजवळ निर्जल इथेनॉल). दोन्ही मिळून हे बरोबर एक मोल होतं (०.६ अधिक ०.४), म्हणून पुढचा हिशेब सोपा जातो. अल्कोहोल उडतं, म्हणून ते शेवटी आणि लगेच बूच. फ्लास्क कोमट होतो, काचेला बारीक बुडबुडे चिकटतात. ही विरघळलेली हवा; पाणी आधी उकळून, झाकून गार केलं तर बुडबुडे बरेच कमी होतात. २५ मिलीच्या डेन्सिटी बॉटलमध्ये (घनता मोजायची, बुचाला बारीक छिद्र असलेली बाटली) ०.०२ मिलीचा एक बुडबुडा राहिला तरी प्रति मोल घटीचं उत्तर ०.०३ मिलीने बिघडतं.

बाटली वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवली आणि बाहेर काढताना फक्त मानेला धरली. तळव्याची ऊब लागली की बुचाच्या छिद्रातून थेंब वर येतो, पुसताना तोच जातो आणि वजन कमी भरतं. बाटलीची खरी क्षमता त्याच तापमानाला पाणी भरून काढली (पाण्याची घनता ०.९९७०५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे घसेमी), बाटलीवरच्या ‘२५’वर विसंबू नये.

मिश्रणाची घनता ०.८८० आली. २९.२४ भागिले ०.८८० म्हणजे ३३.२३ घसेमी. इथेनॉल आणि पाण्याच्या वेगवेगळ्या आकारमानांची बेरीज २३.४७ अधिक १०.८४, म्हणजे ३४.३१. या दोहोंतला फरक, म्हणजे अतिरिक्त मोलर आकारमान, −१.०८ घसेमी प्रति मोल.

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. अल्कोहोलच्या बाटलीच्या लेबलवरचा ०.७८९ हा घनतेचा आकडा २० अंशांचा असतो. २५ला शुद्ध इथेनॉलची घनता ०.७८५१. लेबलचा आकडा घातला तर उत्तर −०.९७वर येतं. त्यातून उघड्या बाटलीतल्या अल्कोहोलने हवेतलं १ टक्का पाणी ओढलं, तर २५लाच घनता ०.७८८ भरते. ती लेबलशी जुळल्यासारखी वाटते आणि ओलं अल्कोहोल शुद्ध म्हणून वापरलं जातं. म्हणून मिश्रणाआधी अल्कोहोलचीच घनता मोजा. ०.७८५ आली नाही तर नवी बाटली उघडा.