पावसातला घाट आणि पुढे घातलेले नवीन टायर

आजच परत आलोय, स्टिअरिंग घट्ट धरून धरून खांदे अजून दुखतायत, पण लिहायचंय ते आजच. चार दिवसांच्या प्रवासातले पहिले दोन दिवस मस्त गेले, कोरडा रस्ता, छान हवा, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घाट उतरताना जे झालं ते मात्र सविस्तर सांगतो, कारण टायरवाल्याने मला जे सांगितलं तेच अजून शंभर जणांना सांगितलं असणार.

निघायच्या आधी पुढचे दोन टायर गोटा झाले होते. मागचे "अजून चालतील" असे. दोनच नवीन घ्यायचे ठरवले. टायरवाला म्हणाला, "पुढच्या चाकांवर गाडी चालते, स्टिअरिंग पुढे, ब्रेक पुढे, नवीन पुढेच हवेत, मागचे काय नुसते ओढले जातात." ऐकायला इतकं बरोबर वाटतं की मी एक प्रश्न विचारला नाही.

चूक आहे ते. ओल्या रस्त्यासाठी साफ चूक. दोनच नवीन घेणार असाल तर ते मागे घाला, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी.

आता ते वळण. दोन दिवस कोरडे गेल्यावर पाऊस नुकताच सुरू झालेला, जोराचा नाही, भुरभुर, आणि हीच वेळ सगळ्यात वाईट कारण रस्त्यावरची धूळ, तेल, रबराचा चुरा पाण्यात कालवून त्याचा पातळ चिकट थर होतो आणि तो धुऊन जायला बराच जोराचा पाऊस लागतो. वरून झाडांची कमान, रस्त्यावर पडलेली पानं, आणि डोंगराच्या बाजूने लाल पाणी आडवं वाहत होतं. डावं वळण, उतार, तिसरा गिअर, वेग चाळीसच्या आसपास. पुढची चाकं अगदी रुळावर असल्यासारखी वळली. मला वाटलं ग्रिप भरपूर आहे. मी पुढच्या टायरची ग्रिप मोजत होतो आणि मागच्या टायरचं काय चाललंय ते स्टिअरिंगमध्ये कळतच नाही. वळणाच्या मध्यावर वेग जास्त वाटला म्हणून पाय ॲक्सिलरेटरवरून झटकन काढला, ब्रेकला नुसता टेकवला, आणि मागची बाजू उजवीकडे निघाली. आवाज नाही, काही नाही, नुसतं खिडकीतलं दृश्य आडवं सरकायला लागलं.

बहीण मागून ओरडली, "दादा, गाडी फिरतेय!" ब्रेक सोडला, स्टिअरिंग उजवीकडे दिलं, म्हणजे मागचं टोक जिकडे जातंय तिकडेच, नजर कठड्यावरून काढून रस्त्यावर नेली. गाडी एकदा डावीकडे हेलकावली आणि सरळ झाली. उतरून पाहिलं तर मागचं चाक कठड्यापासून वीतभर. आई एवढंच म्हणाली, "अरे, थांब जरा." दहा मिनिटं तिथेच पुढे रुंद जागा बघून थांबलो.

असं का झालं ते समजून घ्या. पाय काढला किंवा ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे जातो, उतारावर तर आधीच पुढे असतो, मागची चाकं हलकी होतात आणि त्यातच तिथे झिजलेले टायर. पुढची चाकं घसरली तर गाडी वळणात बाहेर जाते पण हळू केलं की परत पकडते आणि आधी स्टिअरिंग हलकं लागतं, म्हणजे सूचना मिळते. मागची घसरली तर गाडी भोवऱ्यासारखी फिरते आणि सूचना मिळतच नाही. ईएसपी (घसरताना एकेका चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा) असलेली गाडी स्वतः थोडं सावरते, माझ्या गाडीत नुसतं एबीएस आहे, आणि एबीएस ब्रेक लागताना चाक जाम होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. इमर्जन्सीत पेडल पायाखाली थरथरलं तर पाय उचलू नका, दाबून ठेवा.

रात्री मुक्कामी मोबाईलचा टॉर्च लावून मागचे टायर बघितले. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांनी सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे 0916, म्हणजे 2016 सालचा नववा आठवडा. नक्षी वरून दिसायला ठीक होती, पण नखाने दाबलं तर रबर लाकडासारखं कडक. खाचांच्या तळाशी जे छोटे उंचवटे असतात ते 1.6 मिलिमीटरवर असतात, त्याच्या जवळ पोचले होते. टायर त्या उंचवट्यांशी समपातळीवर येईपर्यंत वाट बघू नका. पावसात जाणार असाल तर 3 मिलिमीटर राहिले की बदला, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचांचं आहे आणि एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग फार तर तळहाताएवढा असतो.

आकडे सांगतो, कारण "जरा हळू चालवा" म्हणून कोणी ऐकत नाही. 60 च्या वेगाला सपाट कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरची गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण 20 मीटरात थांबते, ओल्यावर 35 धरा, बर्फाच्या काचेसारख्या थरावर 140 च्या पुढे. यात तुमचा पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद धरलेला नाही, त्यात अजून 16-17 मीटर जातात. 30 ने चालवलंत तर ओल्या रस्त्यावर 9 मीटर पुरतात. वेग निम्मा, अंतर चौथा हिस्सा.

मुक्कामी एकाने सल्ला दिला की पावसात हवा कमी ठेवा, ग्रिप वाढते. वाळूत आणि चिखलात खरंय, डांबरी रस्त्यावर पाणी साचलेलं असेल तर उलट. नासाच्या संशोधनातून आलेलं एक सूत्र आहे, गुळगुळीत टायर पाण्यावर कधी तरंगायला लागतो त्याचं: 32 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवेला साधारण 94 किमी वेग, 20 पीएसआयला साधारण 75 किमी. म्हणजे हवा कमी केली की टायर लवकर तरंगतो. कंपनीने दाराच्या चौकटीवर लिहिलेली हवा, तीही टायर थंड असताना, बस्स. नायट्रोजनने ग्रिप वाढते असं कोणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा, साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो.

आणि ज्यांची गाडी चारही चाकांना ताकद देते त्यांनी फार निश्चिंत राहू नये. चढायला, निघायला फरक पडतो, थांबायला सगळ्याच गाड्यांना चारच टायर. त्याच वळणाच्या वर अशीच एक मोठी गाडी मला ओव्हरटेक करून गेली होती आणि खालच्या वळणावर चरात एक चाक घालून उभी दिसली, माणसं ठीक होती.

घाट उतरायचा तर गिअर वळणाच्या आधी टाका, वळणात नाही. ब्रेकही आधीच. ग्रिप एकच असते, ती ब्रेकला दिली की वळायला कमी उरते. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुलाचे लोखंडी सांधे, डिझेल सांडून इंद्रधनुष्य दिसतं ते डाग, यांच्यावर चाक असताना काहीच करू नका, ना ब्रेक ना वळण. पुढच्या गाडीच्या चाकांनी पाणी बाजूला झालेल्या दोन पट्ट्यांतून चालवा, पण अंतर ठेवून. क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारी सोय, बंद.

चौथ्या दिवशी सकाळी आधी गॅरेज गाठलं आणि पुढचे मागे, मागचे पुढे करून घेतले, अर्धा तास लागला. चारही टायर एकाच साइजचे असतील तरच हे करा, आणि टायरवर फिरायची दिशा दाखवणारा बाण असेल तर बाजू बदलायची नाही, डावं चाक डावीकडेच. मागचे जुने आता पुढे आलेत त्यामुळे ब्रेकिंग अंतर लांबणार हे धरून परतीला वेग कमीच ठेवला, आणि ते दोन्ही या आठवड्यात बदलणार आहे. घरी यायचा रस्ता तोच होता, घाट या वेळी चढायचा. लाल पाणी अजून आडवं वाहत होतं. बहीण म्हणाली, "दादा, हेच ना ते?" मी दुसऱ्या गिअरमध्ये, पंचवीसने, वळण पूर्ण होईपर्यंत काही बोललो नाही.