ग्रंथालय संघाचा वर्ग केला, त्याची गोष्ट

तालुक्याच्या वाचनालयात मी देवघेवीच्या टेबलावर बसते. एकदा अध्यक्ष म्हणाले, "ताई, जिल्हा ग्रंथालय संघाचा प्रमाणपत्र वर्ग करून टाका. तपासणीच्या वेळी प्रशिक्षित माणूस लागतो." म्हणून अर्ज भरला. वर्ग संघ, म्हणजे जिल्ह्यातल्या वाचनालयांची संघटना, चालवतो, परीक्षा सरकारच्या ग्रंथालय संचालनालयाची. शिकवणारे बहुतेक स्वतः वाचनालयं चालवणारे, त्यामुळे व्यवस्थापनाचे तास फार रंगायचे: वर्गणी थकवणारे सभासद, दाखल नोंदवहीतली खाडाखोड, पावसाळ्यातली वाळवी.

इतिहासाचा पेपर नुसत्या पाठांतराचा असेल असं वाटलं होतं, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. ग्रंथालय कायदा देशात आधी केला तो कोल्हापूर संस्थानानं, 1945 साली. मद्रासचा कायदा 1948 चा. महाराष्ट्राचा 1967 चा, आणि त्यात ग्रंथालय कर नाही. म्हणजे आपल्या वाचनालयांना हक्काचं करउत्पन्न नाही, सरकारी अनुदानाकडेच डोळे. संघाचे लोक दर अधिवेशनात अनुदानवाढीचा ठराव का करतात, हे तेव्हा नीट कळलं. गंमत म्हणजे राज्य, विभाग आणि जिल्हा पातळीवरच्या संघांना मान्यता देण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. सरकारनं मान्यता द्यायची आणि संघानं सरकारच्याच दारात निवेदनं घेऊन उभं राहायचं! मला तरी हे बरं वाटतं. सुटी वाचनालयं मुंबईपर्यंत कुठली पोचणार?

घाम फोडला तो वर्गीकरणानं. विषयाला अंक देऊन पुस्तकं लावायच्या ड्युईच्या पद्धतीत मराठी साहित्य 891.46, त्यातल्या कथा-कादंबऱ्या 891.463. आमच्याकडची निम्म्याहून जास्त पुस्तकं या एकाच अंकाखाली येतात, मग पुढचा क्रम लेखकाच्या नावावरून लावायचा. प्रात्यक्षिकाला पुस्तक हातात देऊन वर्गांक काढायला सांगत. कादंबरी आली की सुटल्यासारखं वाटे. शेतीचं किंवा आरोग्याचं पुस्तक आलं की तक्ते उलटत बसायचं. रात्री घरातलं आवरून सराव केला. पास झाले.

आमची पुस्तकं अजून दाखल क्रमांकानं, म्हणजे वाचनालयात आली त्या क्रमानं, लावलेली आहेत. एकाच लेखकाची दोन पुस्तकं दोन खोल्यांत. ती विषयवार लावू द्या म्हणून कार्यकारिणीपुढे अर्ज ठेवला. चरित्रांचं एक कपाट मिळालं. कादंबऱ्यांना मात्र हात लावायचा नाही, जुन्या वाचकांना जागा पाठ आहेत, असं सचिवांचं म्हणणं. पुढच्या सभेत तो विषय मी पुन्हा घ्यायला लावला आहे.