विचारायचं कुणाला?

रात्रपाळी करून आले की लगेच झोप लागत नाही, डोक्यात वॉर्ड चालूच राहतो. आज लिहायचंय ते मात्र पेशंटबद्दल नाही, आम्हा सिस्टर लोकांच्या आपसातल्या वागण्याबद्दल आहे.

पहाटे नवीन मुलीला हेपरिनच्या, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाच्या, पंपाचा रेट बदलायचा होता. हेपरिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड ही औषधं दोघींनी तपासल्याशिवाय द्यायची नसतात. तिने हिशेब केला आणि कागद हातात धरून क्षणभर तशीच थांबली. काउंटरवर दोन सीनियर रिकाम्या बसल्या होत्या. त्यांना ओलांडून ती गेली ती ड्रेसिंगमध्ये अडकलेल्या तिसरीकडे. तिचे हात मोकळे होईपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं. कारण न सांगताही कळण्यासारखं होतं. काउंटरवर 'एवढंही येत नाही का?' ऐकावं लागलं असतं.

या वागण्याला इंग्रजीत एक कडवट वाक्प्रचार आहे, नर्सेस आपलीच पिल्लं खातात. 1986 मध्ये तो एका नर्सिंग मासिकात छापून आला आणि अजूनही जुना झालेला नाही. काहीजणी म्हणतात, आम्हीही असंच शिकलो. मला हे अजिबात पटत नाही. बोलणी खाऊन माणूस औषध शिकत नाही, कुणाला टाळायचं ते शिकतो. आज त्या मुलीने वाट तरी पाहिली. एखादी न विचारताच रेट बदलून मोकळी होईल, मला भीती त्याची आहे.

पण नुसतं गोड वागूनही भागत नाही. दुहेरी तपासणी म्हणजे दुसरीने पहिलीचं उत्तर न बघता स्वतः हिशेब करणं. जिवलग मैत्रिणींमध्ये हेच पहिलं सुटतं. 'तू केलंयस ना, मग बरोबरच असणार' म्हणत सही होते. आज त्या तिसरीने कागद उलटा ठेवला, आपला हिशेब केला, मग दोन्ही आकडे ताडून पाहिले. मुलीला त्यात अपमान वाटला नाही. मला हवं असलेलं नातं हेच: बेधडक विचारता यावं आणि शंका घेतली तरी मन दुखू नये.

पाळी संपताना पुढच्या सिस्टरला ओव्हर, म्हणजे पेशंटची माहिती, देतानाही तेच. एसबीएआर पद्धतीत क्रम ठरलेला असतो: आत्ताची स्थिती, पूर्वीची माहिती, आपला अंदाज, पुढे काय करावं. मूळ अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांमधली ही पद्धत, आणि चांगली आहे. पण 'ड्रेनच्या नळीतल्या पाण्याचा रंग जरा वेगळा वाटतोय, खात्री नाही' हे वाक्य कुठल्याही फॉर्ममुळे तोंडून निघत नाही. समोरची हसणार नाही याची खात्री असली तरच निघतं. आणि कितीदा तरी अशा अर्धवट वाटण्यातच पुढचा धोका दडलेला असतो.

कामाचा ताण आहेच, तो नाकारत नाही. 2002 मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटच्या बाबतीत, प्रत्येक नर्समागे एकेक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढलेली त्यात दिसली. कॅलिफोर्नियाने 2004 पासून नर्स-पेशंट प्रमाण कायद्यानेच बांधून दिलं. एका नर्सकडे दहा-बारा पेशंट असले तर आवाज चढणारच. पण तो डॉक्टरांवर चढत नाही, इन्चार्जवर चढत नाही, नेमका सगळ्यात नव्या मुलीवरच चढतो. हे एकट्या ताणाचं काम नाही.

पुढच्या आठवड्याची ड्युटी अजून लागलेली नाही. त्या मुलीला ड्रेसिंगवाल्या सिस्टरसोबतच नाईट द्या, असं उद्या इन्चार्जना सांगणार आहे. आणि काउंटरवरच्या दोघींशीही बोलायचंय, चारचौघांत नाही, चहाच्या वेळी एकेकीला गाठून.