डेबियन १३ यायच्या आधीच टाकून बघितलं, माझा अनुभव

डेबियन या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टमचं १३ वं व्हर्जन म्हणजे ट्रिक्सी ९ ऑगस्ट २०२५ ला आलं, त्याआधी २७ जुलैपासून फुल फ्रीझ लागला होता म्हणजे रिलीज टीमने हो म्हटल्याशिवाय आत काही जात नव्हतं. मला काही तेवढा दम निघाला नाही, त्याच्या आधीचा टप्पा, हार्ड फ्रीझ, चालू असतानाच घरच्या सर्व्हरवर बुकवर्मचं, म्हणजे डेबियन १२ चं, ट्रिक्सी करून टाकलं. सर्व्हर म्हणजे फार काही नाही हो, ४ जीबी रॅमचा जुना डेस्कटॉप, त्यावर फोटोंचा बॅकअप, वायरगार्ड (बाहेरून घरच्या नेटवर्कला जोडणारा व्हीपीएन) आणि बाबांच्या जुन्या मासिकांचं स्कॅनिंग चालतं. ग्नोम ४८, प्लाझ्मा ६.३, कर्नल ६.१२, पायथन ३.१३ वगैरे नवीन व्हर्जनांच्या याद्या सगळीकडे आहेत, त्या परत टाइप करत नाही, मला जे आडवं आलं तेवढंच सांगतो.

सुरू करायच्या आधी रिलीज नोट्स नीट वाचा, खरंच वाचा. बूट पार्टिशन निदान ७६८ एमबीचं हवं आणि त्यात ३०० एमबी मोकळे हवेत असं लिहिलंय, माझ्याकडे जुनी कर्नलं साठून बसली होती ती काढली. दुसरं म्हणजे एसएसएचवरून (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करून) लांबून अपग्रेड करणार असाल तर आधी बुकवर्ममधलंच एसएसएच सर्व्हरचं पॅकेज एकदम ताजं करून घ्या, नाहीतर अपग्रेड अर्धवट असताना कनेक्शन तुटलं की नवीन कनेक्शन लागेलच असं नाही. मी टीमक्समध्ये (कनेक्शन तुटलं तरी काम चालू ठेवणारा प्रोग्राम) बसून केलं, शिवाय मशीन शेजारच्याच खोलीत होतं त्यामुळे निवांत होतो.

सोर्सेसमध्ये (पॅकेज कुठून घ्यायची ती यादी) बुकवर्मच्या जागी ट्रिक्सी केलं, आधी नवीन पॅकेज न घेता साधं अपग्रेड आणि मग फुल-अपग्रेड. इथे पोटात गोळा आला. काढून टाकणार म्हणून एवढी मोठी यादी, त्यात ओपनएसएसएलची लायब्ररी, कर्लची, जीलिबची, म्हणजे हे काढल्यावर उरणार काय असं वाटतं. नीट बघितलं तर प्रत्येकाचा जोडीदार नवीनच्या यादीत होता, नाव तेच फक्त शेवटी टी६४ लावलेलं. लिबएसएसएल३ जातंय आणि लिबएसएसएल३टी६४ येतंय. हे कळल्यावर यस दाबलं.

आणि माझ्या मते या रिलीजमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे, फक्त त्याचा स्क्रीनशॉट निघत नाही म्हणून कोणी बोलत नाही. युनिक्सचं घड्याळ १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजतं, ३२ बिटात ते १९ जानेवारी २०३८ ला आपल्या वेळेने सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात आणि पुढच्या सेकंदाला घड्याळ थेट डिसेंबर १९०१ मध्ये जातं. ६४ बिट पीसीवर हा प्रॉब्लेम आधीपासूनच नव्हता, पण ३२ बिटवाल्या एआरएम बोर्डांसाठी त्यांनी हजारो पॅकेजेस वेळेच्या नवीन, ६४ बिटच्या मापाने परत बिल्ड केली, आणि पॅकेजचं नाव सगळ्या आर्किटेक्चरला एकच ठेवायचं म्हणून तो टी६४ आपल्याकडेही दिसतो. असले बोर्ड कुठे मीटरमध्ये, कुठे मशीनमध्ये पंधरा पंधरा वर्षं पडून असतात, त्यामुळे २०३८ लांब आहे असं म्हणून चालत नाही.

अपग्रेड झालं, रीबूट केलं, सगळं वर आलं. मग मोबाईलवरून वायरगार्ड लावलं तर कनेक्ट होतंय पण इंटरनेट नाही. कारण आयपी फॉरवर्डिंगची (एका नेटवर्कचा ट्रॅफिक पुढे दुसरीकडे पाठवायची) ओळ मी वर्षानुवर्षं ईटीसीमधल्या सिसकंट्रोल डॉट कॉन्फ फाइलमध्ये ठेवलेली, आणि ट्रिक्सीमध्ये सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ती फाइल वाचतच नाही, फक्त सिसकंट्रोल डॉट डी फोल्डरमधल्या वाचतं. ओळ तिकडे हलवली, संपला विषय. पण एरर वगैरे काही येत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय, तुमच्या फायरवॉलच्या किंवा नेटवर्कच्या सेटिंग तिथे असतील तर आधीच हलवा.

त्याहून मजा टेम्प, म्हणजे तात्पुरत्या फाइलींच्या फोल्डरची. आता तो बाय डिफॉल्ट रॅममध्ये असतो आणि जास्तीत जास्त निम्मी रॅम घेतो, म्हणजे माझ्याकडे २ जीबी. रात्री मासिकांचं ओसीआर (स्कॅनमधला मजकूर ओळखणं) लावून झोपलो, सकाळी बघतो तर डिस्कवर जागा नाही असा मेसेज आणि काम मध्येच बंद, आणि डिस्क तर निम्मी रिकामी! ६०० डीपीआयची स्कॅन पानं, ओसीआर करताना प्रत्येकाच्या मोठ्या मोठ्या इमेजेस टेम्पमध्ये पडतात, २ जीबी किती वेळ पुरणार. टेम्पमाउंट मास्क (कायमचं बंद) करून जुनं वागणं परत आणता येतं पण मी ते नाही केलं, स्क्रिप्टमध्ये टीएमपीडीआयआर व्हेरिएबल व्हार-टेम्प या डिस्कवरच्या फोल्डरकडे वळवला आणि काम सुरू झालं. डिफॉल्ट बरोबरच आहे, फेडोराने हे केव्हाच केलंय, फक्त कमी रॅमवाल्यांनी लक्षात ठेवा. आणि जुन्या टेम्पमधल्या फाइली कुठे गेल्या म्हणून घाबरू नका, त्या डिस्कवरच असतात, वरून रॅमवाला बसल्यामुळे दिसत नाहीत, रूटचा बाइंड माउंट (तीच डिस्क दुसऱ्या जागी उघडणं) करून काढता येतात.

कोणी कधी लॉगिन केलं ते दाखवणारी लास्ट कमांड पण गेली, बोटाला सवय असल्यामुळे दोनदा चिडलो, कारण तेच, जुन्या लॉगिन रेकॉर्डमधली वेळ ३२ बिटची. डब्ल्यूटीएमपीडीबी नावाचं पॅकेज टाकलं की ते काम होतं. डीएसए की (एसएसएचच्या जुन्या प्रकारच्या चाव्या) पण पूर्ण बाद झाल्यात, एका जुनाट स्विचला तेवढीच चालते म्हणून एसएसएच१ क्लायंटचं वेगळं पॅकेज ठेवलंय, स्विच बदलेपर्यंत.

आवडलेलं काय तर पॅकेज टाकायचं-काढायचं साधन, ॲप्ट ३.०. काढायचं लाल, येणारं हिरवं, नावं कॉलमात, वर्षानुवर्षं तो मजकुराचा गठ्ठा वाचलेल्या माणसाला हे सुख वाटतं. मॉडर्नाइज-सोर्सेस म्हटलं की जुनी सोर्सेसची फाइल नवीन फॉरमॅटमध्ये करून देतं आणि जुनी बॅकअप म्हणून ठेवतं.

नेटबुकचं मात्र वाईट वाटलं. ३२ बिटचा ॲटम आहे, ट्रिक्सीमध्ये त्याला ना कर्नल ना इन्स्टॉलर, आय३८६ (३२ बिट पीसीचं डेबियन) आता फक्त ६४ बिट मशीनवर जुने प्रोग्राम चालवण्यापुरतं उरलंय. तो बुकवर्मवरच राहील, त्याला एलटीएस (लांब मुदतीचे सिक्युरिटी अपडेट) जून २०२८ पर्यंत आहे, तोपर्यंत बॅटरी टिकली तरी खूप.

रिलीजच्या दिवशी, ९ ऑगस्टला, मला वेगळं काही करायचं नव्हतं. सोर्सेसमध्ये टेस्टिंग न लिहिता ट्रिक्सी लिहिलं होतं, त्यामुळे ते आपोआप स्टेबल झालं, फक्त सिक्युरिटीची ओळ आहे ना एवढं बघून घ्या. टेस्टिंग लिहिलं असेल तर ते रिलीजनंतर पुढच्या व्हर्जनकडे, फोर्कीकडे जायला लागलं, ते नको असेल तर आजच बदला.