आमची वाटचाल : प्रोसेसरपासून अर्थिंगपर्यंत

सीए ऑफिस, पतसंस्था, शाळा, छोटे दवाखाने. दहा-पंधरा कॉम्प्युटर आणि त्यांच्यामागे एक सर्व्हर, हे आमचं काम. सुरुवातीला आमच्या कोटेशनची पहिली ओळ प्रोसेसरची असायची. आता ती बरीच खाली गेली आहे, आणि ती का गेली हीच आमची वाटचाल.

पहिली ओळ आता विजेची. सर्व्हर जिथे बसणार त्या सॉकेटवर मल्टीमीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज बघतो. ते ३ व्होल्टच्या वर गेलं तर आधी इलेक्ट्रिशियन, मग सर्व्हर. यूपीएस साइन वेव्हचाच (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लहर देणारा) घेतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) ॲक्टिव्ह पीएफसी (वीज समतोल ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसच्या चौकोनी वेव्हवर असे काही एसएमपीएस लाईट जाताच बंद पडतात. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडलीच पाहिजे, नाहीतर बॅटरी संपताना सर्व्हरला ते कळणार कसं?

साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना १२ व्होल्टवर साधारण २ अँपिअर ओढते. चार डिस्क एकदम सुरू झाल्या की १०० वॉटच्या आसपास जातात, नंतर प्रत्येकी ६-८ वॉट. त्यामुळे ४५० वॉटचा दर्जेदार एसएमपीएस पुरतो. मोलेक्सवरून (जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टर) साटा (आताच्या डिस्कचा पॉवर कनेक्टर) काढणारे ओतीव प्लास्टिकचे कनेक्टर मात्र आम्ही वापरत नाही. आतल्या तारा एकमेकींच्या फार जवळ असतात, शॉर्ट होऊन प्लास्टिक जळतं.

रॅम ईसीसीच, म्हणजे बिटमधली चूक पकडून दुरुस्त करता येणारी. हिशेबाच्या डेटात एक बिट गुपचूप बदलला तर तो चुकीचा आकडा बॅकअपमध्येही जातो. रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर ईसीसी चालवतो, पण मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं हवं. ५६००जी चालवत नाही, प्रो ५६५०जी चालवतो. इंटेलच्या १२व्या-१३व्या पिढीच्या कोअर प्रोसेसरला त्यासाठी डब्ल्यू६८० चिपसेटचा मदरबोर्ड लागतो. जुन्या सर्व्हरमधली स्वस्त रजिस्टर्ड डीडीआर४ रॅम या बोर्डांच्या स्लॉटमध्ये बसते, पण मशीन सुरू होत नाही. लिनक्सवर डीएमआयडीकोड (dmidecode) ही कमांड चालवून टोटल विड्थ ७२ आणि डेटा विड्थ ६४ दिसली की रॅम ईसीसीची आहे हे नक्की. डीडीआर५ वरचं ‘ऑन-डाय ईसीसी’ वेगळं. ते चिपच्या आतल्याच चुका दुरुस्त करतं, रॅम ते प्रोसेसर या वाटेवरच्या नाही.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही डिस्कवर घालवतो. एसएमआर डिस्कमध्ये डेटा लिहिण्याचे ट्रॅक एकमेकांवर चढलेले असतात. रोजच्या वापरात काही जाणवत नाही, पण रेडमधली (RAID, म्हणजे एक डिस्क बिघडली तरी डेटा वाचावा म्हणून एकत्र जोडलेल्या डिस्क) एक डिस्क बदलली की सलग लिहिताना ती नवी डिस्क अडकते आणि कंट्रोलर तिला बाद ठरवतो. २०२० मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या २ ते ६ टीबीच्या काही ‘रेड’ (Red) नावाच्या डिस्क एसएमआर असल्याचं उघड झालं. त्यांची ‘रेड प्लस’ सीएमआर (ट्रॅक एकमेकांवर न चढलेली) आहे. म्हणून नुसतं नाव नाही, पूर्ण मॉडेल नंबर तपासूनच ऑर्डर द्यावी. नव्या डिस्कवर स्मार्टची (डिस्कची स्वतःची तपासणी) लाँग टेस्ट लावतो. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, ते द्यावेतच.

विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो, म्हणून डिस्कसमोर १२० मिमीचा पंखा आणि जाळी. जाळी महिन्याला धुवायची, नाहीतर पंखा असून नसल्यासारखा.

एवढं झालं की प्रोसेसर. टॅली आणि फाइल शेअरिंगला सहा कोअर भरपूर. ५६०० मध्ये ग्राफिक्स नाही, इन्स्टॉलेशनसाठी कार्ड लागतं, तेवढं लक्षात ठेवावं.

कोटेशनमध्ये शेवटी लेबलं. प्रत्येक डिस्कच्या दर्शनी बाजूला सिरीयल नंबरचे शेवटचे ४ अंक चिकटवतो, कारण दोन डिस्कच्या रेड (RAID) जोडणीत एक खराब झाल्यावर घाईत चांगली डिस्कच बाहेर ओढली जाते.